‘श्रीमंत गोव्याला अंगणवाडीचा खाऊ कशाला?’ या संदेशाला उत्तर

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरून येतो. शब्द थोडेफार बदलतात, म्हणणं तेच असतं. गोवा देशातलं श्रीमंत राज्य, इथे कोणी उपाशी नाही. आमच्या आया-आज्या पेज भरवून धडधाकट मुलं वाढवत होत्या. अंगणवाडीचा खाऊ खातात ते भायले, म्हणजे बाहेरून आलेले, आणि निम्मं धान्य तर कोंबड्यांपुढे जातं. तेव्हा आपल्या करांचा हा चुराडा बंद करा, फार तर गरजूंच्या खात्यात चार पैसे टाका. शेवटी ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’.

पाठवणारी माणसं वाईट नाहीत. त्यात माझे नातेवाईक आहेत, शेजारी आहेत, अडल्यानडल्याला धावून जाणारे आहेत. म्हणूनच मुद्दा सोडून देववत नाही. असं बोलणं गावात रुळलं की ग्रामसभेत अंगणवाडीचा विषयच निघेनासा होतो, आणि त्याची झळ ज्यांना लागते त्यांना अजून बोलताही येत नाही.

‘गोवा श्रीमंत आहे, इथे कुपोषण नाही.’

दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या क्रमांकांत असतो, हे खरं. आपल्याकडे जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात, तान्ह्या मुलांच्या मृत्यूचं प्रमाण देशातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे, तेही खरं आणि अभिमानाचं. पण मूल जगलं म्हणजे ते नीट वाढतंय असं होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी गोव्यात २०१९-२० मध्ये झाली. तिच्यात पाच वर्षांखालची २५.८ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण २०.१ टक्के होतं. उंचीच्या मानाने वजन फारच कमी, म्हणजे रोडावलेली मुलं १९.१ टक्के. आता सगळ्या देशाचा आकडा पाहा: १९.३. उत्पन्नात आपण देशाच्या कितीतरी पुढे, आणि मुलांच्या रोडावण्यात जवळजवळ देशाच्याच बरोबरीला. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या ५३.२ टक्के मुलांना रक्तक्षय होता. आधीच्या फेरीत ४८.३ टक्क्यांना.

गोवा लहान, त्यामुळे सर्वेक्षणात आलेली घरंही कमी. पाच-सहा टक्क्यांची वाढ काट्यावर तोलल्यासारखी अचूक धरू नये, हे मी मान्य करते. पण आकडा वीस असो की पंचवीस, चार-पाच मुलांमागे एक मूल खुजं असेल तर ‘इथे कुपोषण नाही’ हे वाक्य टिकत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आपली मुलं अंगानेच लहान चणीची.’ ज्या मापाने ही उंची मोजतात ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली होती: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थित घरांमधली होती. आईचं दूध, पुरेसं अन्न आणि स्वच्छ घर मिळालं तेव्हा पहिल्या पाच वर्षांत सहाही देशांतल्या मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढली. म्हणजे चण लहान राहते ती बऱ्याच अंशी ताटामुळे आणि आजारपणामुळे. रक्ताला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

‘आमच्या आयांनी पेज भरवून मुलं वाढवली.’

या मुद्द्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण यात आपल्या घरांचं प्रेम गुंतलेलं आहे. पेजेला मी नावं ठेवणार नाही. पण जुन्या ताटात काय काय होतं ते आठवा. उकड्या तांदळाची पेज, सोबत सुकी मासळी, आळसांदे, कुळथाची पिठी, परसातली भाजी. डोंगरउतारावर नाचणी पिकायची आणि तिची तिझन लहान मुलांना मिळायची. नाचणीत तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं. आज त्यातली पेज तेवढी उरली, तीही बरेचदा पांढऱ्याशुभ्र तांदळाची. सकाळी पोदेराकडचा पाव चहात बुडवून दोन वर्षांच्या मुलाच्या हातात दिला जातो. पोट भरतं, मूल रडत नाही. पण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि पावात वाढीला लागणारं फारसं काही नसतं.

दुसरं असं की सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी वाटीभरच मावतं. ती वाटी पातळ पेजेने भरली तर त्यात बहुतेक पाणीच जातं. त्या वाटीत घट्ट मऊभात हवा, शिजवलेली डाळ हवी, चमचाभर तेल किंवा तूप हवं, जमेल तिथे कुस्करलेलं अंडं किंवा काटे काढलेला मासा हवा. हे मजूर आईला माहीत नाही असं नाही. तिला वेळ नाही, आणि दिवसातून चार-पाच वेळा भरवायला घरात माणूस नाही. आणि ‘धडधाकट वाढली’ असं म्हणताना आपण वाढलेल्यांचीच गणना करतो. आजीच्या पिढीतल्या बायकांना विचारा, किती बाळंतपणं आणि त्यातली किती मुलं हाती लागली. उत्तर ऐकून आपण गप्प होतो.

अंगणवाडीचा आहार या फटीसाठीच आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज गोव्यात बाराशेहून जास्त अंगणवाड्या आहेत. २०२३ पर्यंत ठरवून दिलेला आहार असा होता: सहा महिने ते तीन वर्षं या वयाच्या मुलाला घरी न्यायचा शिधा, दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळतील इतका. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तेवढंच पोषण, पण केंद्रातच, न्याहरी आणि गरम जेवण मिळून. गरोदर आणि स्तनदा आईला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित मुलाला ८०० उष्मांक. सहा महिन्यांखालच्या बाळाला काहीच नाही, कारण त्याचं अन्न आईचं दूध. म्हणून तेव्हा आईला द्यायचं. घरच्या जेवणाला ही पुरवणी आहे. घरचं जेवण बंद करा, असं कोणी म्हटलेलं नाही.

‘लहानपणी चार घास जास्त खाल्ले तर काय फरक पडतो?’ असंही त्या संदेशात कधी कधी जोडलेलं असतं. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात हेच तपासलं गेलं. दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पेय दिलं, दोन खेड्यांत नुसतं गोड सरबत. त्या मुलांचा माग पुढे अनेक वर्षं ठेवला. पहिल्या दोन वर्षांत प्रथिनांचं पेय मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणीची ताशी मजुरी सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त भरली.

‘खाऊ खातात ते भायले.’

सत्तरीतल्या, सांग्यातल्या, काणकोणातल्या वाड्यांवर जाऊन पाहा, अंगणवाडीत कोण बसलेलं असतं. गावडा, कुणबी, वेळीप, धनगर घरांतली मुलं आपलीच आहेत. त्या संदेशात त्यांचा उल्लेखही नसतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि झुआरीनगरात किंवा चिंबलच्या इंदिरानगरात मजुराचं मूल अंगणवाडीत जेवत असेल, तर ते कुणाच्या मेहेरबानीवर जेवत नाही. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा सहा महिने ते सहा वर्षं या वयाच्या मुलाला, गरोदर स्त्रीला आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क देतो. त्यात उत्पन्नाची अट नाही, रहिवासाचीही नाही. पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट गृह आधारला, म्हणजे गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गोवा सरकारच्या योजनेला, आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात. सर्वोच्च न्यायालयाने तर १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटलं की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर ती तीन महिन्यांत मिळाली पाहिजे. त्यात झोपडपट्ट्याही आल्या.

ज्या हॉटेलांवर, ज्या इमारतींवर गोव्याचं उत्पन्न उभं आहे त्यांच्या विटा याच मुलांच्या आईबापांनी वाहिल्या. साबण घेतात, मोबाईलचं रिचार्ज मारतात, त्यावर तेही कर भरतातच. आपले पणजोबा-आजोबा गिरगावात आणि धोबीतलावावर पोटासाठी गेले होते. तिथल्या लोकांनी त्यांच्या मुलांच्या ताटाकडे अशा नजरेने पाहिलेलं आपल्याला आवडलं असतं का?

‘आपल्या करांचा चुराडा.’

हिशोब सोपा आहे. केंद्राने २०१७ साली ठरवलेल्या दरानुसार एका मुलाच्या आहारावर दिवसाला ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा आईवर साडेनऊ रुपये, तीव्र कुपोषित मुलावर १२ रुपये. वर्षाला ३०० दिवस. म्हणजे एका मुलामागे वर्षाला २,४०० रुपये. त्यातले निम्मे केंद्राचे. गोव्याच्या तिजोरीवर त्या दराने पडतात वर्षाला १,२००, महिन्याला शंभर. पणजीत एक शिवराक थाळी एवढ्यात मिळायची पंचाईत. सेविकांचं मानधन, वजनकाटे, जागेचं भाडं हे वेगळं, पण त्या खर्चात लसीकरणाची आठवण, वजन-उंचीची नोंद आणि शाळेआधीचं शिक्षणही येतं.

मला तर उलट तक्रार आहे. आठ रुपयांत आज एक अंडं धड येत नाही. सरकारने ही रक्कम स्वतःच्या पैशांनी वाढवावी असं म्हणणारा संदेश मला अजून आलेला नाही.

‘निम्मं धान्य कोंबड्यांना जातं.’

‘निम्मं’ कुठून आलं ते कोणी सांगत नाही. पण यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. घरी नेलेला शिधा घरातल्या सगळ्यांच्या हंडीत जातो, बाळाच्या वाट्याला चमचाभर येतो. तोच तो शिधा महिनोन्‌महिने मिळाला की बायका कंटाळतात. माल कधी हलक्या प्रतीचा येतो, कधी उशिरा. महालेखापरीक्षकांनीही २०१३ साली संसदेपुढे आलेल्या अहवालात या योजनेतल्या अनेक त्रुटी देशभराच्या तपासणीतून दाखवल्या होत्या. आणि नेमकं सगळ्यात नाजूक वय, सहा महिने ते तीन वर्षं, या घरी न्यायच्या शिध्यावरच अवलंबून आहे. खुजेपण मुख्यतः याच वयात पक्कं होतं. योजनेची खरी दुखरी जागा ही.

पण यावरचे उपायही माहीत आहेत. ऑक्टोबर २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, काम बचतगटांकडे आणि महिला मंडळांकडे द्या. स्थानिक बायका शिजवतात तिथे काय आवडतं, काय उरतं, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळतं. १ जुलै २०२५ पासून शिधा देताना आईचा चेहरा मोबाईलवर जुळवणं सक्तीचं झालं. त्यातून पाकीट आईच्या हाती पडलं एवढं सिद्ध होतं. बाळाच्या पोटात काय गेलं, ते सेविकेने घरी जाऊन, सासूलाही समोर बसवून बोलल्यानेच कळेल. केंद्राने ठरवलेलं त्या सेविकेचं मानधन २०१८ पासून महिना साडेचार हजार रुपये आहे. वरची भर राज्य घालतं. तिच्याकडे नोंदवह्या, अ‍ॅप, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामंही येतात. गृहभेटीला वेळ कुठून उरणार?

‘त्यापेक्षा खात्यात पैसे टाका.’

पैसे वाईट नाहीत, मिळायलाच हवेत. पण तिथेही आपण हात आखडताच घेतला आहे. त्याच २०१३ च्या कायद्यात गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपये लिहिलेले आहेत. मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० मिळतात, आणि २०२२ पासून दुसरं मूल मुलगी असेल तर ६,०००. ते मूल मुलगा असेल तर काही नाही, जणू त्या आईला भूक कमी लागते. ‘फुकट मिळतं म्हणून जास्त मुलं होऊ देतात’ म्हणणाऱ्यांनी ही अट वाचावी. आणि गोव्यात एका स्त्रीमागे सरासरी १.३ मुलं, हा २०१९-२० च्या सर्वेक्षणातला आकडाही.

शिवाय पैसे वजन करत नाहीत. मुलाचं वजन सलग दोन महिने वाढलं नाही, हे बँकेला कळत नाही. ते अंगणवाडीतल्या काट्यावर कळतं, आणि तिथूनच मूल आरोग्य केंद्रात पाठवलं जातं. गोव्यात गृह आधारचे पैसे २०१२ पासून घराघरांत येतात, महागाईत त्यांचा आधारही होतो. पण ते तेल, गॅस आणि विजेच्या बिलात जातात, आणि गेले तर बाईला दोष देता येत नाही. पैसे हवेत आणि आहारही हवा. कायद्याने दोन्ही दिलेलं आहे.

त्याच कायद्याच्या आठव्या कलमात लिहिलंय की ठरलेला आहार मिळाला नाही तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. येत्या ग्रामसभेत विचारण्यासारखे प्रश्न आहेत: गेल्या महिन्यात आपल्या वाड्यावरच्या अंगणवाडीत किती दिवस जेवण शिजलं? तीन वर्षांखालच्या मुलांचा शिधा कोणत्या तारखेला आला? किती मुलांचं वजन झालं आणि त्यातली किती घसरली? सेविकेची किंवा मदतनिसाची जागा रिकामी आहे का, असेल तर कधीपासून? पंचायतीला ही माहिती मागता येते. संदेश पुढे पाठवायचाच असेल, तर हे चार प्रश्न पाठवा.