‘हॉस्पिसमध्ये ठेवलं म्हणजे हात झटकले’ म्हणणाऱ्यांसाठी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: घरच्या आजारी माणसाला आठवडाभरासाठीही हॉस्पिसमध्ये (बरं न होणाऱ्या आजारात दुखणं कमी करून शुश्रूषा करणाऱ्या केंद्रात) ठेवू नका, तिथून कुणी परत येत नाही, मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) देऊन झोपवून टाकतात, आणि ठेवलंच तर घरच्यांनी हात झटकले असं समजा.

‘परत येत नाही’ हे सरसकट खरं नाही. अखेरच्या दिवसांसाठी दाखल करणं वेगळं आणि सांभाळणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून थोड्या दिवसांसाठी दाखल करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात घरी जायचा दिवस आधीच ठरतो. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या हॉस्पिस सवलतीत अशी सलग पाच दिवसांपर्यंतची सोय आहे. पुण्यात वारजे इथलं सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७पासून विनामूल्य चालतं. तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं आणि शुश्रूषा शिकून घेतं. अशा ठिकाणी वर्षभर रात्री जागलेल्या सुनेलाच पुन्हा सोबतीला धाडू नका. दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का ते विचारा, नाहीतर उसंत कसली! आजार फार पुढे गेलेला असेल, तर या मुक्कामातही मृत्यू येऊ शकतो. तशी वेळ आली तर काय करायचं, रात्री कुणाला फोन करायचा, हे दाखल करतानाच बोलून घ्यावं.

मॉर्फिनची भीती सगळ्यात हट्टी. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे देतात. मध्येच कळ आली तर जादा मात्रा असते, बहुधा दिवसभराच्या मात्रेच्या सहाव्या हिश्श्याएवढी. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येते. त्यातली काही झोप तर वेदनेनं हिरावलेल्या रात्रींची थकबाकीच असते. बद्धकोष्ठ मात्र आपोआप सुटत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. गुंगी वाढतच गेली तर लगेच कळवा. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर औषध अंगात साचतं, मग मात्रा कमी करावी लागते.

राहिलं हात झटकणं. दर दोन तासांनी कूस बदलणं, नाकातल्या नळीनं भरवणं, शी-शू, हे सगळं एकटीनं महिनोन्‌महिने केलं की चुका होतातच, माया कितीही असो. कूस बदलायची राहते, माकडहाडापाशी कातडी लाल होते, दाबली तरी लाली जात नाही, आणि बेडसोर सुरू होतो. नळीनं भरवताना पाठ ३० ते ४५ अंश वर हवी, नंतरही अर्धा-एक तास तशीच. पेंगुळलेल्या माणसाकडून ते चुकतं आणि अन्न श्वासनलिकेत जातं. सांभाळणाऱ्या माणसाची झोप पुरी झालेली असणं हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे.

गडबड होते ती घर आणि केंद्र यांच्यात माहिती देण्या-घेण्यात. जाताना औषधं मूळ पाकिटांत न्या. एका कागदावर शेवटची मात्रा कधी दिली, शौचाला कधी झालं, लघवीची नळी कोणत्या तारखेला बदलली, जखम कुठे आहे, चहा किती घट्ट केला तर ठसका लागत नाही, हे लिहा. वेदनेसाठी फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) असेल तर तो बहुधा ७२ तासांचा असतो. लावल्याची तारीख-वेळ आणि नेमकी जागा सांगा. पाठीवरचा जुना पॅच कुणाच्या लक्षात येत नाही, वर नवा लागतो आणि मात्रा जास्त होते. मग ‘झोपवून टाकलं’ असा बोभाटा.

घरी परतताना उलटी चूक होते. तिथे मात्रा बदललेली असते, घरच्या डब्यात जुन्या चिठ्ठीच्या गोळ्या तशाच असतात, आणि संध्याकाळी सवयीनं त्याच दिल्या जातात. नवी चिठ्ठी हातात घेऊन डबा रिकामा करा, आणि उरलेलं मॉर्फिन केंद्रात परत द्या.