मतदानाने झालेला देव, म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मजकूर आला. तोच मग पुतणीच्या कॉलेजातून आला, आणि शेवटी पेठेतल्या माझ्या जुन्या वर्गमित्राने खास मला धाडला : "बघ लेका, काय उत्तर हाय तुझ्याकडं?" मजकुराचं सार असं : इ.स. 325 मध्ये रोमन बादशहाने सभा भरवून मतदानाने येशूला देव केलं. गैरसोयीची पुस्तकं जाळून बायबल तयार केलं. तीन देवांना एक म्हणायची सक्ती केली. शंका घेणाऱ्या थोमा या येशूच्या शिष्याला तर आधीच शाप देऊन हाकललं होतं. तेव्हापासून ख्रिस्ती माणसाला प्रश्न विचारायची मुभा नाही. संकट आलं की तुझंच पाप, गप्प बस.

मी कोल्हापुरातल्याच एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो. तीन पिढ्यांचा ख्रिस्ती, आणि त्यातली निदान वीस वर्षं शंकेखोर. त्यामुळे मजकुरातलं शेवटचं वाक्य मला जास्त लागलं. पण क्रमाने जाऊ.

मतदानाचं अर्धं खरं आहे. सभा झाली, कॉन्स्टंटाइन बादशहानेच बोलावली, निकेया गावात. आज ते तुर्कस्तानात इझनिक म्हणून ओळखतात. सुमारे तीनशे बिशप जमले आणि ठरलेल्या मसुद्याला अखेरपर्यंत नकार दिला तो त्यातल्या दोघांनी. पण वाद 'येशू माणूस की देव' असा नव्हताच. ज्याच्याविरुद्ध सगळं चाललं होतं तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस; तोही म्हणत होता की पुत्र, म्हणजे येशू, जगाच्या आधीपासून आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की पुत्र हा निर्माण केलेला, पित्याच्या बरोबरीचा नव्हे. सभेने ठरवलं ते उलट : पुत्र पित्याच्या बरोबरीचा. नाझरेथचा साधा सुतार उचलून देव्हाऱ्यात बसवायचा ठराव तिथे मांडला असता, तर दोन्ही बाजूंनी तो फेटाळला असता.

शिवाय या सभेच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी, इ.स. 112 च्या आसपास, प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने ट्राजन बादशहाला पत्र लिहिलं. हे लोक ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, असं त्यात आहे. प्लिनी ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती लोकांना शिक्षा देत होता. आणि गंमत म्हणजे तो ज्या प्रांताचा सुभेदार होता, त्याच प्रांतात हे निकेया.

बादशहाच्या मर्जीचं म्हणाल, तर तिच्यावर सगळं ठरलं असतं तर एरियसच जिंकला असता. कॉन्स्टंटाइनने मरताना, 337 साली, बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघड निकेयाविरोधी पक्षाचा. निकेयाचा निर्णय धरून बसलेल्या अलेक्झांड्रियाच्या अथनेशियस बिशपाला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. राजाची खरी जबरदस्ती पुढे झाली : 380 साली थिओडोसियस बादशहाने फर्मान काढून निकेयाचं एकच मत राजमान्य केलं. आक्षेप घ्यायचा तर तिथे घ्या, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. मजकूर लिहिणाऱ्याच्या हातात चांगली कुऱ्हाड होती, पण त्याने घाव घातला तो भलत्याच झाडावर.

पुस्तकांचं थोडक्यात. निकेयाच्या सभेचे 20 नियम आजही वाचायला मिळतात. त्यात पुस्तकांच्या यादीवर एकही नाही. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलाच्या येशूपासून पुढच्या भागाच्या, 27 पुस्तकांची आज आहे तशी यादी अथनेशियसच्या 367 सालच्या पत्रात येते, तीही आधी बराच काळ वाद घालून झाल्यावर.

आता 'तीन देव'. इथे मी मजकुरापेक्षा आमच्याच लोकांना बोल लावीन. शब्बाथ शाळेत आम्हाला शिकवलं : पाणी, बर्फ आणि वाफ, तसा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. सोपं, गोड आणि चूक. एकच देव तीन रूपं घेतो ही मांडणी चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारली होती. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे वाडीचा दत्तच की!" तेही नाही. त्रैक्याचं म्हणणं असं, की देवाचं सत्त्व एक आणि त्यात पिता, पुत्र, आत्मा हे तिघे एकमेकांशी प्रेमाने जोडलेले. एकाच्या तोंडावरचे तीन मुखवटे नव्हेत, तीन स्वतंत्र देवही नव्हेत. पटतं का? मला काही दिवस पटतं, काही दिवस नाही.

या बाबतीत मी एकटा नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्यांची जेराल्डीन या सिस्टरशी पत्रांतून जुंपली, ती याच त्रैक्यावरून. तुम्ही सांगता म्हणून मी मानणार नाही, असा बाईंचा एकंदर सूर. सिस्टर चिडल्या, दुखावल्या. पण या प्रश्न विचारणाऱ्या बाईंनीच पुढे केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

थोमाला हाकलल्याची गोष्ट बायबलात कुठेच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, 'खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही' असं म्हटल्यानंतर आठ दिवसांनी थोमा त्याच शिष्यांबरोबर, त्याच घरात आहे. कुणी बाहेर काढलेलं नाही. येशू येतो आणि त्याचीच अट त्याच्यापुढे ठेवतो : घाल बोट. मग 'माझा प्रभू, माझा देव' हे उद्गार निघतात ते या शंकेखोराच्याच तोंडून. 'न पाहता विश्वास ठेवणारे धन्य' हे वाक्य त्यानंतर आहे, हे कबूल. त्यात थोडी चापट आहे. याकोबाच्या पत्रात तर संशय धरणाऱ्याला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. पण आजारी मुलाच्या ज्या बापाने 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' असं रडत सांगितलं, त्याच्या मुलाला येशूने बरं केलं. आधी अविश्वास घालवून ये, असं नाही म्हटलं.

तरी मुभेच्या बाबतीत मजकूर सपशेल खोटा आहे असं मी म्हणणार नाही. प्रभुभोजनाला बसण्याआधी जो वर्ग असतो, त्यात मी प्रश्न विचारला तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "थोमासारखं करू नको." मी पुढची कित्येक वर्षं तोंड उघडलं नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी मतांची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, 1560 पासून 1812 पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, चाललं. तिथे प्रश्नाची किंमत काय होती ते सांगायला नको.

राहिलं संकट आणि पाप. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा शहरात शिरली, महामार्ग बंद पडला, कुंभार गल्लीत गणपती भिजले, शिरोळ तालुक्यात घरंच्या घरं बुडाली. तेव्हा 'देवाचा कोप' म्हणणारे सगळ्याच धर्मांत निघाले, आमच्यातही. पण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी किती चढलं ते बघून उघडतात, खालच्या गावांचं पाप-पुण्य बघून नाही. लूकच्या शुभवर्तमानात असाच प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. येशू विचारतो : ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं तुम्हाला? मग स्वतःच सांगतो, नाही. पश्चात्तापाची तंबी देतो ती ऐकणाऱ्या सगळ्यांना. आणि बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात, दोष नसताना संकटांत सापडलेल्या ईयोबाला 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणणाऱ्या मित्रांवर देव शेवटी संतापतो. देवाशी भांडणारा ईयोबच बरोबर बोलला, असा निवाडा देतो.

हे सगळं मी मित्राला रंकाळ्यावर बसून सांगितलं. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. पाणी थांबवलं का न्हाई त्यानं?"

मी म्हटलं, माहीत नाही. मग फोनवर त्याला बायबलातलं 88 वं स्तोत्र काढून दिलं. रात्रंदिवस हाका मारूनही देव ओ देत नाही म्हणून एक माणूस त्यात रडतो, आणि स्तोत्र संपतं ते काळोखावर. पुढे दिलासा नाही, आमेन नाही. त्याने दोनदा खाली सरकवून बघितलं, अजून काही आहे का.

"एवढंच?"

"एवढंच. आता मला सांग, गैरसोयीचं सगळं जाळलं म्हणतोस, मग हे कसं काय राहिलं?"