मालकाचे उत्तर : देवबागच्या धक्क्यावरचे अडीच तास

नमस्कार सर,

आमच्या मालवणकडच्या सायकल सहलीला तुम्ही दिलेला दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. परवा रात्री वाचला, काल पुन्हा वाचला, आणि आज सकाळी बायकोने मोठ्याने वाचला तेव्हा तिसऱ्यांदा ऐकला. तुम्हाला आणि तुमच्या मित्रमंडळींना त्रास झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पाहुणा आमच्याकडून तोंड वाकडं करून गेला तर आम्हाला गोड लागत नाही.

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमच्या तक्रारी थोडक्यात लिहितो. देवबागला कर्ली नदी ओलांडायच्या होडीसाठी अडीच तास बसवून ठेवलं. पलीकडच्या भोगव्याचा सूर्यास्त चुकला. रात्रीचं जेवण गरम करून वाढलं. एका सायकलचा ब्रेक नीट लागत नव्हता. ‘जंगल, तळी, समुद्र’ अशी जाहिरात केली आणि जंगल दाखवलंच नाही. माणशी 8,400 रुपये फार झाले. शेवटी लिहिलंय, "झीरो प्लॅनिंग. आम्ही अमेरिकेत अकेडिया नॅशनल पार्कमध्ये सायकल चालवली आहे, यांनी एकदा तिकडे जाऊन शिकून यावं."

ब्रेकचं खरं आहे. तिसऱ्या दिवशी खवण्याच्या उतारावर वहिनींच्या सायकलचा मागचा ब्रेक सुटला होता, ती सायकल मी आदल्या रात्री बघायला हवी होती. चूक माझी. आता सगळ्या सायकली तपासून घेतोय.

पण ‘झीरो प्लॅनिंग’ हे मनाला लागलं. बारा वर्षं या किनाऱ्यावर सायकल चालवतोय, त्यातली सहा पाहुण्यांना घेऊन. तेव्हा त्या अडीच तासांचं मी जरा सविस्तर लिहिणार आहे. राग मानू नका.

आमच्याकडे भरतीचा हिशोब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. माझ्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा पाढा यायचा. आपण देवबागला होतो त्या दिवशी मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी होती, दत्तजयंतीचा आदला दिवस. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहाला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, साडेचारच्या सुमाराला, पूर्ण सुकती. सुकती म्हणजे ओहोटी. त्यात पुनव तोंडावर आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही उतरतं. अष्टमी-नवमीची भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असती तर एवढं अडलं नसतं. पण चतुर्दशीला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे उघडे पडतात. रिकामी होडी कशीबशी निघते, पण आठ सायकली आणि आठ माणसं घेतलेली होडी मध्येच बसते. बसली की पाणी चढेपर्यंत तिथेच, वरून ऊन.

म्हणून कार्यक्रम असा आखला होता : धामापूरहून सकाळी 7 ला निघायचं, मालवणात चहा, 12 पर्यंत देवबाग, होडीतून पलीकडे आणि दुपारचं जेवण भोगव्याला मावशींकडे. हे मी आदल्या रात्री 8 वाजून 10 मिनिटांनी ग्रुपवर टाकलं होतं. ‘उद्या ओहोटी आहे, कृपया उशीर नको’ असंही लिहिलं होतं. त्यावर तुमचा अंगठा आहे. मेसेज अजून तिथेच आहे, मी काढलेला नाही.

आता प्रत्यक्षात काय झालं. हे मला इथे लिहायचं नव्हतं. पण तुम्ही ‘कारण न देता बसवून ठेवलं’ असं लिहिलंय, म्हणून लिहावं लागतंय. धामापूरच्या तळ्यावर तुमच्या मित्राचा ड्रोन फणसाच्या झाडात अडकला. तो काढायला आमचा भाचाच चढला. खाली उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही पोटऱ्यांना हुमल्या, म्हणजे तांबड्या मुंग्या, डसलेल्या होत्या. तरी पहिली गोष्ट त्याने विचारली ती "पंखो मोडलो नाय ना?" आणि ड्रोन उतरल्यावर तो पुन्हा उडवून बघायचा होता. निघालो तेव्हा 9 वाजून 20 मिनिटं झाली होती. वाटेत माझ्या सायकलचं पंक्चर झालं, त्याची वीस मिनिटं माझ्या खात्यावर लिहा. मालवणात बाजारात खाजं घ्यायचं होतं, ते घेतलं. मग सुरमईची थाळी. मी तेव्हा दोनदा म्हणालो की भोगव्याला जेवण तयार आहे. तुम्ही म्हणालात, "अहो, मालवणात येऊन थाळी न खाता जायचं?" आता पाहुण्याला नको कसं म्हणणार. खरं तर इथेच मी ठाम राहायला हवं होतं. ती चूक मी मानतो, पण ती प्लॅनिंगची चूक नव्हे, भिडेची आहे.

देवबागच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. तीनच्या आत आलो असतो तर होडीवाल्या काकांनी होडी काढली असती. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता सुकती लागली. सायकली घेवन मधीच रवलास तर काय करतलास?" हे तुमच्यासमोरच म्हणाले. तुम्ही त्यांना ‘उद्धट’ लिहिलंय. सर, ज्या होडीवाल्याला तुमच्या घाईपेक्षा पाण्याची भीती जास्त आहे, त्याच्या होडीत मी माझी मुलं बसवतो.

तेव्हाच मी दुसरा पर्यायही दिला होता : बॅगा घेऊन टेम्पो रस्त्याने वळसा घालून जातोय, ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी त्यात बसावं. कोणीच बसलं नाही. सहा वाजता पाणी चढलं आणि आपण निघालो. सूर्य तोवर माडांमागे गेला होता, हे बरोबर. पण समोर भोगव्याच्या डोंगरावर चतुर्दशीचा चंद्र चांगला वर आला होता. होडीच्या मध्यभागी रचलेल्या सायकलींच्या रिमा चकाकत होत्या आणि काकांनी इंजिन बंद करून शेवटचा टप्पा बांबूच्या वल्ल्याने काढला. त्या वेळी तुमच्यापैकीच कोणीतरी हळू आवाजात म्हणालं होतं, "बरं झालं उशीर झाला." मी नाव सांगत नाही.

जेवण. हो, ते दुपारचंच होतं. मावशींनी पहाटे उठून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, साफ केल्या होत्या आणि आठ माणसांचं सुकं करून एक वाजल्यापासून वाट बघत होत्या. तिसऱ्या दुसऱ्यांदा तापवल्या की रबरासारख्या होतात, हे मलाही माहीत आहे. भाकऱ्या मात्र त्यांनी रात्री ताज्या थापल्या. सोलकढीही ताजी होती.

आता अकेडियाबद्दल. मी गेलेलो नाही, पण तुम्ही लिहिलंत म्हणून परवा रात्री बसून वाचलं. फार सुंदर जागा दिसते, जंगलातून थेट तळ्यांवर आणि तिथून समुद्रावर. ईगल लेक, जॉर्डन पाँडचे फोटो बघितले. तिथले सुमारे 45 मैलांचे खडीचे रस्ते तिथले धनाढ्य रॉकफेलर ज्युनियर यांनी 1913 ते 1940 या काळात स्वतःच्या पैशाने बांधून घेतले आणि त्यांवर मोटारींना मज्जाव आहे. सर, आमच्याकडे रॉकफेलर नाहीत, ग्रामपंचायत आहे. आमच्या रस्त्यावर सायकलच्या मागे एसटी येते, पुढे डंपर येतो, आणि म्हैस आली तर थांबावं लागतं. हे मी बुकिंगच्या वेळीच सांगतो.

पण एक गोष्ट वाचून मला बरं वाटलं. त्याच पार्कात बार हार्बर गावासमोर बार आयलंड म्हणून बेट आहे. ओहोटीला समुद्रातून खडीची वाट उघडी पडते आणि माणसं चालत बेटावर जातात. ओहोटीच्या आधी दीड तास, नंतर दीड तास, एवढाच वेळ. उशीर केला तर पुढची ओहोटी लागेपर्यंत बेटावरच. तिथे तुम्ही वेळ बघूनच पाय टाकला असेल आणि थांबावं लागलं असतं तर थांबलाही असता. तिथलं पाणी आणि कर्लीचं पाणी एकाच चंद्रावर चालतं.

जंगलाचं सांगतो. आमच्याकडे नॅशनल पार्क नाही आणि तसं मी कुठे म्हटलेलंही नाही. धामापूरचं तळं 1530 सालचं, माणसांनी बांध घालून केलेलं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेलं की तिन्ही बाजूंना उतरत आलेली झाडी दिसते, तिला आम्ही जंगल म्हणतो. त्या सकाळी धनेश पक्ष्याची जोडी तळ्यावरून गेली. त्याच्या पंखांचा आवाज लोहाराच्या भात्यासारखा येतो, मान वर न करताही कळतं. भाच्याने बोट दाखवलं होतं. पण तेव्हा ड्रोन वर होता, त्या घरघरीत कोणाला ऐकू येणार! तरीही कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून पत्रकात ‘जंगल’च्या जागी ‘झाडी’ लिहायचा विचार चालू आहे.

पैशांचं एवढंच सांगतो, की 8,400 मध्ये दोन रात्री, सगळी जेवणं, सायकल, हेल्मेट, होडी, टेम्पो आणि सोबत आम्ही दोघं एवढं आलं. मालवणात तुम्ही खाल्लेली थाळी त्यात नव्हती, तरी तुमच्यापैकी दोघांचं बिल भाच्याने भरलं, ते मी मागितलेलं नाही. आमचा धंदा ऑक्टोबर ते मे. मे संपला की होड्या वर ओढतात आणि सायकली पडवीत टांगतो. बारापैकी आठ सायकलींचे हप्ते अजून चालू आहेत. तुमचा रिव्ह्यू आल्यावर जानेवारीच्या एका ग्रुपने ‘बघून सांगतो’ असं कळवलंय. हे तुम्हाला दोष म्हणून सांगत नाही, पण दोन स्टार इथे कुठवर पोचतात ते कळावं.

यापुढे भरतीची वेळ बुकिंगच्या कागदावरच मोठ्या अक्षरांत छापू. उशीर झाला तर काय करायचं तेही ठरवतोय. वाट बघावी लागली तर धक्क्यावर चहाची काहीतरी सोय करू. ड्रोनबद्दलही काहीतरी नियम करावा लागेल.

पुन्हा आलात तर भोगव्याचा सूर्यास्त माझ्याकडून, त्या दिवसाचे पैसे घेणार नाही. फक्त तिथी बघून तारीख धरू.

आणि हो, ड्रोनचा चार्जर मावशींच्या पडवीतच राहिलाय. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवलाय, मुंग्या लागू नयेत म्हणून. पत्ता मेसेज करा, सोमवारी कुडाळला जाणार आहे, तिथून कुरिअर करतो. खर्च आमचा.