पायपेटीतलं मीठ

आमच्या आजोबांची पायपेटी उंदरांनी खाल्ली. अख्खी नाही, भात्याचं कातडं तेवढं. पण भाता गेला की पेटीत उरतं काय, पितळेचे सूर आणि सागवानाची खोकी! पेटी दुरुस्त करणारे जे एक जण मालवणच्या बाजूला होते ते मुलाकडे मुंबईला गेले. तिथून त्यांचा निरोप आला की चतुर्थीला येतो तेव्हा बघू. चतुर्थीला बघून उपयोग काय? चतुर्थीलाच तर पेटी हवी. गणपतीत आमचं भजनी मंडळ घरोघर फिरतं. पावसात, चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पायपेटी वाहून न्यायला चार माणसं लागतात, आणि त्यातली दोन दरवर्षी घसरतात.

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, "बुवा, काळजी नको. पेटी मी लॅपटॉपात घालतो."

बुवांनी एकदा लॅपटॉपकडे बघितलं आणि एकदा पेटीकडे. "मावात तेच्यात?" एवढंच विचारलं.

मावायला अडचण नव्हती. अडचण ही की लॅपटॉपात ती आधीपासून नव्हती. संगणकातल्या वाद्यांची एक ठरलेली यादी आहे, जनरल मिडी नावाची, १९९१ सालची. त्यात १२८ आवाज आहेत. सतार आहे, १०५ नंबरला. शहनाई आहे, ११२ला. १२३ला समुद्राची गाज आहे, जी मला घरबसल्या चोवीस तास फुकट मिळते. १२६ला हेलिकॉप्टर, १२८ला बंदुकीचा बार. हेलिकॉप्टरवर अभंग म्हणणारा माणूस यादी करणाऱ्यांना कुठे भेटला कोण जाणे, पण पेटी वाजवणारा भेटला नाही हे नक्की. पेटीची एक लांबची मावशी तेवढी २१ नंबरला आहे, रीड ऑर्गन म्हणून. ती वाजवून दाखवल्यावर बुवा म्हणाले, "ह्या मयतात वाजवतत."

मग आपल्याच पेटीचे सूर ध्वनिमुद्रित करायचे आणि त्यांचं साउंडफाँट बनवायचं ठरलं. साउंडफाँट म्हणजे वाद्याच्या खऱ्या आवाजांचे तुकडे एका फाइलीत रचून ठेवायचे, पट्टी दाबली की तो तो तुकडा वाजतो. ही पद्धत १९९४च्या सुमारास संगणकात घालायच्या साउंड कार्डांबरोबर आली. कार्डं भंगारात गेली, पद्धत राहिली. ते बनवायला पॉलिफोन नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते मुक्त आहे, त्याचा कोड कुणीही उघडून बघावा आणि बदलावा. आणि फुकटही आहे. हे ऐकून आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमच्याकडे फुकट मिळणाऱ्या वस्तूंत ती फक्त फणस धरते, आणि तोही कापताना हात चिकट होतात म्हणून कुरकुरत.

भात्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावली. आता एका दमात आठ सेकंद सूर निघत होता, नंतर ठिगळातून हवा सुटून पेटी सुस्कारा टाकायची. आठ सेकंद पुरे होते. पेटीला साडेतीन सप्तकं, म्हणजे ४२ पट्ट्या. दर तिसरी पट्टी मुद्रित करायची, आणि एकेक तुकडा एक पट्टी वर, एक पट्टी खाली ताणायचा. १४ सूर, प्रत्येकी आठ सेकंद. दोन मिनिटांचंसुद्धा काम नाही.

त्याला नऊ दिवस लागले.

श्रावणात कोकणात आठ सेकंद शांतता मिळत नाही, हे मला चाळीस वर्षं इथं राहून ठाऊक नव्हतं. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. मग कळलं की कौलांवर पाऊस वाजतो. पाऊस थांबला की बेडूक सुरू. बेडूक थांबले, पण ते मासेवाली आली म्हणून. "बांगडे गो बांगडे!" हे पांढरी पाचवर इतकं चपखल बसलं होतं की पुसताना वाईट वाटलं. एकदा सगळं जुळून आलं. पाऊस नाही, बेडूक नाही, रस्त्यावर एसटी नाही. सातव्या सेकंदाला पडवीच्या पत्र्यावर नारळ पडला.

मागून सतत गाज होतीच. ती काढायला ऑडॅसिटी, हेही मुक्त सॉफ्टवेअर, २००० सालापासून लोक वापरतात. त्यात खरखर कमी करायची सोय आहे. आधी नुसत्या खरखरीचा तुकडा दाखवायचा, मग ते म्हणतं, समजलं, असं जे जे असेल ते उपटून टाकतो. मी समुद्र दाखवला. त्यानं समुद्र इमानेइतबारे उपटला, पण त्याच्या मुळांबरोबर पेटीचीही माती आली. समुद्र काढायला गेलो आणि पेटीच समुद्रात पडली, बुडबुडे येत होते. जोर कमी-जास्त करत शेवटी थोडी गाज ठेवली. मालवण तालुक्यातली पेटी आहे, जरा खारट असायचीच.

खरा छळ पुढे होता. आठ सेकंदांचा सूर, पण बुवा एका सुरावर अर्धा मिनिट बसतात. तेव्हा तुकड्याच्या पोटात एक फेरा बांधायचा. पट्टी दाबून धरली की आवाज तिसऱ्या सेकंदापासून सातव्यापर्यंत जातो, परत तिसऱ्यावर येतो, घाण्याच्या बैलासारखा. फेऱ्याची दोन टोकं आवाजाच्या लाटेच्या एकाच उंचीवर आणि एकाच उतारावर जुळली पाहिजेत, नाहीतर दर चार सेकंदांनी "टक". मुद्रणात ही लाट बिंदूंनी काढलेली असते, एका सेकंदात ४४,१०० बिंदू. त्यातला एक बिंदू धरून त्याचा जुळा चार सेकंद पुढे शोधायचा. पत्रिका जुळवण्याइतकंच ते काम आहे, फक्त इथं गुण ३६ नसून पावणेदोन लाख असतात. त्यात भात्याचा जोर कमी-जास्त झालेला. सांधा बेमालूम जमला तरी आवाज प्रत्येक फेऱ्यात श्वास लागल्यासारखा फुगायचा. आपोआप फेरा शोधून देणारं बटणही पॉलिफोनमध्ये आहे. ते मला चौथ्या रात्री सापडलं.

त्याशिवाय किरकोळ वनवास होता. संगणकात प्रत्येक पट्टीलाही एक नंबर असतो. तुकडा कुठल्या पट्टीचा आहे हे सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर तो ६० नंबरचा, म्हणजे मधली पांढरी एक, असं धरून चालतं. मी काळी एक टाकली, नंबर ६१ द्यायला विसरलो आणि अर्धी रात्र पेटी एका पट्टीनं का चढली म्हणून स्वतःच्या कानाला दोष देत बसलो. रचनाही तीन मजली. नमुना, वाद्य, प्रीसेट; म्हणजे तांदूळ, भात, वाढलेलं ताट. पट्टी सोडल्यावर सूर किती वेळ रेंगाळावा हे वाद्यातही सांगता येतं आणि प्रीसेटमध्येही. मी दोन्हीकडे सांगितलं. आमटीत मीठ होतंच, पानात पुन्हा वाढलं. आणि इथं सेकंदांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मी पट्टी सोडून चहा प्यायला गेलो, सूर वाजतच होता.

तालमीला बुवा आले. भाच्याचा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड लॅपटॉपला जोडला होता. पहिली तक्रार, आवाज उशिरा येतो. मी आवाज तडतडू नये म्हणून बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून घ्यायचे बिंदू, २०४८ ठेवला होता, म्हणजे ४६ मिलिसेकंदांचा उशीर. वाऱ्यावर आवाज तेवढ्या वेळात सोळा मीटर जातो. पेटी माझ्या मांडीवर आणि सूर गोठ्यातून, असा प्रकार. पखवाजवाला माझ्याकडे न बघता गोठ्याकडे बघून साथ करू लागला होता. बफर २५६ केला, पेटी घरात आली.

दुसरी तक्रार मोठी. बुवा दोन ओळी गायले आणि थांबले. "धैवत चढलो रे तुझो."

मी पडद्यावर दाखवलं, बघा, सगळे सूर काट्यावर. पॉलिफोन प्रत्येक तुकडा किती सेंट वर-खाली आहे ते सांगतं (दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट), आणि जिथे जिथे त्यानं खोट काढली तिथे तिथे मी मोठ्या भक्तिभावानं दुरुस्त केलं होतं. आजोबांचा धैवत चांगला १६ सेंट उतरलेला निघाला होता. मला वाटलं, खाऱ्या हवेनं पितळ खाल्लं. बुवा म्हणाले, "तो उतरलेलो नव्हतो. तो तुझ्या आजोबान काळी एकचो सा धरून बसवन घेतललो. तेका कशाक हात लावलंस?"

पाश्चात्त्य पेटी सप्तकाचे बारा समान तुकडे करते, आणि त्या वाटणीत धैवत खऱ्या धैवतापेक्षा बरोब्बर तेवढाच, १६ सेंट चढा बसतो. वाटण्या समान झाल्या की कुणाचं तरी नुकसान होतंच, हे कोकणात मला कुणी समजावायला नको होतं. याच असल्या भांडणापायी आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. मी एका रात्रीत सगळ्या दुरुस्त्या पुसल्या. आजोबा पूर्ववत झाले.

गणपतीच्या दुसऱ्या रात्री वाडीतल्या मोठ्या घरी भजन. छातीएवढे दोन स्पीकर. पेटी लागली, नमन झालं, लोक माना हलवायला लागले. एक म्हातारे गृहस्थ तर लॅपटॉपच्या मागे वाकून भाता शोधत होते. मग बुवांनी रूपाचा अभंग घेतला आणि सुरुवातीलाच लांब आलाप लावला. मी काळी एक दाबून धरली. सा. एक सेकंद, दोन, तीन, चार...

पाचव्या सेकंदाला स्पीकरातून स्पष्ट आवाज आला, "मीठ हाडलंस मा रे?"

आईचा.

बुवा आलापात होते, डोळे मिटलेले. चार सेकंदांनी परत, "मीठ हाडलंस मा रे?" आवाज फेऱ्यात अडकला होता. मुद्रण चालू असताना आई स्वयंपाकघरातून ओरडली असणार. तालमीत एकही सूर मी पाच सेकंद धरला नव्हता, लॅपटॉपच्या काडेपेटीएवढ्या स्पीकरांत ते पुटपुटणं ऐकू आलं नव्हतं, आणि सांधा तपासताना मी फक्त "टक" शोधत होतो. टक नव्हतंच. सांधा अप्रतिम होता.

पट्टी सोडावी तर बुवांचा आधार जातो. घाबरून शेजारची पांढरी दोन दाबली. तो तुकडा तोच, एक पट्टी ताणलेला. आता सूर चुकला, आणि पाच सेकंदांत आई सहा टक्के घाईनं मीठ विचारू लागली. परत काळी एकवर आलो. पखवाजवाल्याचे खांदे हलत होते. माजघरातून बायकांचा हसण्याचा फवारा आला आणि त्यातल्या एकीनं उत्तर दिलं, "हाडल्यान गो, हाडल्यान!" बुवांनी डोळे उघडले, दोन फेरे नीट ऐकले, आणि तिसऱ्या फेऱ्याला आईचं वाक्य संपल्यावर जी जागा येत होती तिथे समेवर आले. सबंध भजनात तेवढी दाद दुसऱ्या कशाला मिळाली नाही.

घरी जाऊन मी तो तुकडा पुसायला बसलो तर बुवांचा फोन. "तो मिठाचो सूर पुसू नको हां. बाजूक खंयतरी ठेव. गजराक बरो पडतलो."

जागा होती. पेटीच्या ४२ पट्ट्या, कीबोर्डच्या ४९. सात रिकाम्या. पण आई ऐकेना. तिचं म्हणणं, सगळ्या वाडीला वाटलं असेल की ह्यांच्या घरात मीठ नाही. ठेवायचंच तर नीट ठेव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नवी साडी नेसून माइकपुढे उभी राहिली आणि लग्नाच्या याद्या वाचाव्यात तशा आवाजात म्हणाली, "मीठ आसा. डबो भरून आसा."

उजवीकडची शेवटची पट्टी दिली, ८४ नंबर. दाबली, तर चिमणी चिवचिवल्यासारखं काहीतरी झालं आणि संपलं. मूळ पट्टीचा नंबर द्यायला पुन्हा विसरलो होतो. ते ६०च धरून बसलं होतं, म्हणजे दोन सप्तकं वर, चौपट वेगानं. आई म्हणाली, "ही मी न्हय." ८४ केलं, मग ती स्वतःला ओळखू आली. फक्त "भरून" या शब्दामागे एक बेडूक ओरडतो. मी तो काढायला निघालो होतो, पण बुवांनी हात धरला. म्हणाले, रवांदे, तो काळी एकातच ओरडता.