‘चार्ज’चे शुल्क झाले आणि काकांची दोन वर्षे गेली

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी राहणाऱ्या थोरल्या काकांनी पाइपलाइनसाठी काढलेले कर्ज पूर्ण फेडले, तेव्हा बँकेने त्यांच्या हाती मराठीत टाईप केलेले एक पत्र ठेवले. त्यात एक वाक्य होते : ‘आपल्या स्थावर मालमत्तेवरील शुल्क मुक्त करण्यात आले आहे.’ बँकेने काहीतरी फी लावली असेल आणि ती आता माफ केली असेल, असा काकांनी त्याचा अर्थ लावला आणि पत्र पासबुकाच्या पिशवीत ठेवून दिले. दोन वर्षांनी विहिरीच्या कामासाठी ते पुन्हा कर्ज मागायला गेले, तेव्हा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात जुन्या कर्जाचा बोजा जसाच्या तसा उभा होता. मी सुट्टीत गावी गेलो तेव्हा त्यांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “अरे, बोजा उतरला एवढंच लिहिलं असतं, तर मी त्याच दिवशी तलाठ्याकडे गेलो असतो.”

मूळ इंग्रजी मसुद्यात ‘चार्ज’ हा शब्द होता, हे ते वाक्य वाचताक्षणी माझ्या लक्षात आले. भाषांतर करणाऱ्याने (ती व्यक्ती असो वा यंत्र) शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला आणि पत्रात बसवला. शब्द मराठी होता, अक्षरे शुद्ध होती, व्याकरणही ठीक होते. तरीही चाळीस वर्षे सातबारा वाचत आलेल्या माणसाला त्यातून काहीही कळले नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि ‘चार्ज’ या शब्दाशी माझा रोजचा संबंध येतो. या शब्दाचे मूळ पाहिले की त्याचे विखुरलेले अर्थ एका जागी येतात. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर माल लादणे या अर्थाचे क्रियापद झाले, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणून आले. ‘कार्गो’ आणि ‘कॅरी’ हे शब्दही त्याच घराण्यातले. म्हणजे मुळात हा शब्द ओझ्याचा आहे. गाड्यावर माल लादला, बंदुकीत दारू ठासली, माणसावर कामाची जबाबदारी टाकली, आरोपीवर आरोप ठेवला, ग्राहकावर रक्कम बसवली, जमिनीवर कर्ज चढवले. प्रत्येक ठिकाणी कोणावर तरी काहीतरी लादलेले आहे.

आपल्या भाषेने हे सारे अर्थ फार पूर्वीच वेगवेगळे करून ठेवले आहेत, आणि तेही बहुतेक वेळा ‘भार’ याच शब्दाच्या आधाराने. बदली होऊन आलेला अधिकारी पदभार स्वीकारतो, रजेवर गेलेल्याचे काम दुसऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते, नेमणूक होईपर्यंत शाळा प्रभारी मुख्याध्यापक चालवतात. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच शब्द विजेसाठी येतो : धनप्रभार, ऋणप्रभार, प्रभारित कण. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत खर्चाच्या आकड्यांपुढे ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ असे दोन शब्द छापलेले असतात. ज्या खर्चावर विधानसभेचे मत घेतले जाते तो दत्तमत, आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन किंवा राज्याच्या कर्जावरील व्याज असा जो खर्च राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२ नुसार थेट एकत्रित निधीवर पडतो, तो भारित. त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. इतका नेमका अर्थ तीन अक्षरांत बसवणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

घरातले वीजबिल काढून पाहा. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात आणि त्यांच्या खाली ‘वीज शुल्क’ अशी वेगळी ओळ असते. वीज पुरवल्याबद्दल कंपनी जे घेते ते ‘चार्ज’, त्यासाठी ‘आकार’ हा शब्द ठरलेला आहे. सरकार जे घेते ती ‘ड्यूटी’, त्यासाठी ‘शुल्क’. एकाच कागदावर, एकाखाली एक, ही दोन्ही नावे वेगळी ठेवलेली आहेत. म्हणजे पैशाच्या अर्थाने ‘चार्ज’ आला तरी त्याला सरसकट शुल्क म्हणता येत नाही, हे आपल्या दारात दर महिन्याला येणारा कागदच सांगतो.

न्यायालयाच्या बातम्यांत हा गोंधळ अधिक गंभीर होतो. पोलीस तपास पूर्ण करून न्यायालयात जे सादर करतात त्याला आपण दोषारोपपत्र (इंग्रजीत ‘चार्जशीट’) म्हणतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये त्याला पोलीस अधिकाऱ्याचा अहवाल म्हटले आहे. आरोप निश्चित (‘चार्ज फ्रेम’) करते ते न्यायालय, आणि तेही तो अहवाल व कागदपत्रे पाहून, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकल्यानंतर. त्या टप्प्यावर पुरेसा आधार दिसला नाही तर आरोपीला दोषमुक्त केले जाते. खटला पूर्ण चालून गुन्हा सिद्ध झाला नाही तर त्याची निर्दोष मुक्तता होते. ‘चार्ज’ हा एकच शब्द दोन्हीकडे दिसतो म्हणून पोलिसांनी अहवाल दाखल केल्याच्या दिवशीच ‘आरोप निश्चित’ असा मथळा दिला गेला, तर ज्याच्याविषयी तो आहे त्या माणसावर अन्याय होतो.

‘डिस्चार्ज’ आणि ‘रिचार्ज’ हे शब्द मात्र मला फार आवडतात, कारण तिथे मराठी शब्द सामान्य माणसाच्या तोंडी रुळला आहे. पावसाळ्यात कोयनेच्या सांडव्यावरून विसर्ग वाढवला असा निरोप गावात येतो, तेव्हा नदीकाठची माणसे गुरे आणि पाण्याच्या मोटारी वर हलवतात. विसर्ग म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. विहिरींची पातळी वाढावी म्हणून ओढ्यावर बंधारा घालतात, त्याला भूजल पुनर्भरण म्हणतात. रुग्णालयातून मात्र डिस्चार्जच मिळतो आणि तो शब्द तिथे राहू द्यावा असे माझे मत आहे. आजीला आज डिस्चार्ज मिळणार, हे वाक्य प्रत्येक घरात कळते.

माझा आग्रह इंग्रजी शब्द हाकलून देण्याचा नाही. मोबाइल चार्जच होतो. ‘मोबाइल प्रभारित केला’ असे मी वर्गातही म्हणत नाही. पण तिथेही काळजी घ्यावी लागते. आठवीच्या एका मुलीने मला विचारले होते, “सर, मोबाइल चार्ज केला की बॅटरीतला चार्ज वाढतो ना?” तिचे चुकले नव्हते, दोन अर्थांना एकच नाव आहे, म्हणून तिने तसा अर्थ लावला होता. मी बॅटरीचे चित्र काढून तिला दाखवले की चार्जर लावल्यावर एका टोकाने जेवढा प्रभार आत जातो तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, त्यामुळे बॅटरीचा एकूण प्रभार वाढत नाही. साठते ती रासायनिक ऊर्जा. बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ती पूर्ण रिकामी होईपर्यंत सर्किटमधून सुमारे १८,००० कूलोम प्रभार वाहून जाऊ शकतो. ‘चार्ज’ आणि ‘प्रभार’ असे दोन शब्द हाताशी होते म्हणूनच हे समजावणे सोपे गेले. विजेसाठी हा शब्द बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास वापरायला सुरुवात केली, तेव्हा बरणीत वीज भरण्याचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होते. त्या चित्राने शास्त्राला मदत केली, पण आजच्या विद्यार्थ्याची थोडी दिशाभूलही केली.

आता पुन्हा काकांच्या पत्राकडे येतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये ज्याला ‘चार्ज’ म्हटले आहे, त्यात जमिनीची मालकी मालकाकडेच राहते, पण ती जमीन देण्याच्या रकमेला तारण म्हणून बांधलेली असते. ‘बोजा’ या शब्दात ही स्थिती संपूर्ण उतरते, आणि तो शब्द महसूल खात्याच्या दप्तरात आहे, सोसायटीच्या सचिवाच्या बोलण्यात आहे, बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या तोंडीही आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये निर्देश दिले की, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करावीत आणि नोंदवलेला बोजा काढावा. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या कारणाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी. हा हक्क मिळवायचा तर आपल्या जमिनीवर काय आहे आणि काय उतरले आहे, हे कर्जदाराला त्याच्या शब्दांत कळले पाहिजे. म्हणून ज्या संस्था शेतकऱ्याला मराठीत पत्र देतात, त्यांनी ते पत्र सही करण्याआधी त्या विषयातल्या एका मराठी माणसाला वाचायला द्यावे, ही माझी कळकळीची मागणी आहे. तलाठी कार्यालयातल्या कोणीही ‘शुल्क’ खोडून ‘बोजा’ लिहिले असते.

आम्ही दोघे बँकेच्या शाखेत गेलो आणि नवे पत्र मागितले. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि नवीन मजकूर स्वतः टाईप केला : ‘सदर कर्जाची संपूर्ण परतफेड झाली असून, खालील गटावरील आमच्या बँकेचा बोजा कमी करण्यास आमची हरकत नाही.’ काकांनी चष्मा लावून ते काउंटरसमोर उभ्या उभ्या एकदा वाचले, गट नंबर बोट ठेवून तपासला आणि मला म्हणाले, “चल, तलाठी जेवायला जायच्या आत पोचू.”