दोन हजार वर्षांचे खजुराचे बी आणि ताज्या बियांचा आग्रह

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले दोन आक्षेप आहेत. इस्रायलमध्ये मृत समुद्राजवळच्या मसाडा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ साली रुजले, तेव्हा ‘पामचे (म्हणजे खजूर, सुपारी, ताड यांच्या कुळातल्या झाडांचे) बी ताजेच पेरावे’ हा माझा आग्रह निराधार ठरतो, हा पहिला. ताडाच्या आठळ्या आपण कुंडीत लावल्या, पण कित्येक महिने वर काहीच न आल्याने त्या फेकून द्याव्या लागल्या, हा दुसरा.

मसाडाची घटना खरी आहे. मात्र त्या वेळी पेरलेल्या तीन बियांपैकी एकच रुजली आणि तीही कोमट पाण्यात भिजवून, संप्रेरक व खताची मात्रा दिल्यानंतर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खजूर हे रखरखीत प्रदेशातले झाड असून त्याचे बी कोरडेपणा सोसते. बाजारातल्या खजुराच्या बिया धुऊन पेरल्या तरी त्या रुजतात, हे अनेकांनी पाहिले असेल. सुपारी किंवा भेरली माड (फिशटेल पाम) ही दमट हवेतली झाडे आहेत. त्यांच्या बीमधला ओलावा गेला की आतला अंकुर मरतो आणि मग कितीही भिजवले तरी तो परत येत नाही. वाण्याकडची सुकी सुपारी पेरून पोफळीचे रोप मिळेल, अशी अपेक्षा कोकणात कोणी करत नाही. तिथे रोपांसाठी पूर्ण पिकलेली सुपारी सालीसकट, देठाकडची बाजू वर ठेवून, लगेच वाळूत लावतात. भाजीचे बी उन्हात वाळवून ठेवण्याची आपली सवय इथे घातक ठरते. सोसायटीच्या आवारातल्या अरेका पामच्या बियांनाही हेच लागू आहे. फक्त त्यांचा गर काढावा, कारण तो कुजला की बुरशी लागते. भेरली माडाचा गर काढताना हातमोजे मात्र हवेतच, कारण त्यातले सूक्ष्म स्फटिक त्वचेला भयंकर खाज आणतात. (उदमांजरे तीच फळे आवडीने खातात आणि बिया साफ करून जंगलभर टाकतात, म्हणून सगळा घोस कधीच उतरवू नये.)

आता ताडाविषयी. आपल्या आठळ्या कुजल्या होत्या, असे मला वाटत नाही. ताडाच्या बीमधून आधी मुळासारखा दिसणारा एक जाड दांडा निघतो, तो अंकुराला आपल्या टोकाशी घेऊन सरळ खाली जमिनीत खोल उतरतो आणि पहिले पान त्यानंतर कित्येक महिन्यांनी वर येते. तमिळनाडू आणि आंध्रात या अवस्थेतले कंद खणून, उकडून खातात. नेहमीच्या कुंडीत हा दांडा तळाला टेकून वाकडा होतो आणि आपल्याला वर फक्त माती दिसत राहते. त्यामुळे ताड लावायचा तर पूर्ण पिकून गळलेल्या फळातली आठळी थेट कायमच्या जागी पुरावी. ताडगोळे म्हणजे कोवळ्या बिया, त्या रुजत नाहीत.

आपल्याकडे कुंडीचाच पर्याय असेल तर ताड सोडून अरेका पाम निवडा. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या पिशवीत बिया ठेवून पिशवी २५ ते ३५ अंश तापमानात राहील अशी ठेवा. पुण्याच्या थंडीत पेरण्यापेक्षा मार्चपर्यंत थांबून त्या वेळी झाडावर पिकलेली फळे घेतलेली बरी.