क्लॅटला बसताय? मग वाचायचं तेवढं टाळा

बारावीचं वर्ष आहे. ‘इंजिनिअरिंगमध्ये आता काही राहिलं नाही’ असं आत्याचे यजमान दिवाळीत फराळ करता करता म्हणून गेलेत. शिवाय वाद घालताना तुम्ही लहानपणापासून कुणाला हार जात नाही. म्हणजे वकील व्हायला लागणारं सगळं तुमच्यापाशी आहे. राहता राहिली ती प्रवेशपरीक्षा, म्हणजे देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा, क्लॅट. तिच्या तयारीबद्दल चार गोष्टी सांगतो. फुकट सांगतोय, त्यामुळे क्लासवाल्यांच्या सल्ल्याइतक्या त्या मोलाच्या वाटणार नाहीत. परिणाम मात्र तोच होईल, याची खात्री बाळगा.

आधी समोर काय आहे ते समजून घ्या. क्लॅट म्हणजे दोन तास आणि १२० प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदा, तर्क आणि थोडं गणित. सुटा प्रश्न एकही नाही, सगळे उताऱ्यांवर, आणि उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा. ढोबळ हिशोब केला तर दोन तासांत नऊ-दहा हजार शब्द डोळ्यांखालून जायला हवेत, तेही समजून. पूर्वी असं नव्हतं. दोनशे प्रश्न असायचे, अमुक देशाची राजधानी कोणती, तमुक पुरस्कार कुणाला मिळाला, असे सुटसुटीत. २०२० पासून परीक्षा घेणाऱ्यांच्या डोक्यात आलं की वकिलाला वाचता आलं पाहिजे. आता असल्या खुळांना आपण काय करणार?

तेव्हा तयारीचं सूत्र एकच ठेवा: परीक्षेच्या दालनात शिरेपर्यंत सलग साडेचारशे शब्द आपण कधीही वाचलेले असता कामा नयेत. अवघड वाटतंय? अजिबात नाही. अख्खी बाजारपेठ तुमच्या मदतीला उभी आहे.

सुरुवात टेलिग्रामपासून करा. ‘क्लॅट वॉरियर्स’ छापाच्या नावाचे दहा-बारा ग्रुप जॉइन करा आणि दिसेल ती पीडीएफ उतरवून घ्या. महिन्याच्या चालू घडामोडी, त्यांचा सारांश, सारांशाची ‘लास्ट मिनिट’ आवृत्ती, आणि या तिन्हींचं एकत्र संकलन. पीडीएफ उतरवली की अभ्यास झाल्यासारखं जे वाटतं ना, ते वाटणं जपा. उघडल्यावर ते जातं. फोनची जागा भरली तर आजीच्या साठीशांतीचे फोटो काढून टाका. आजी समजून घेईल, नातू जज होणार आहे.

मग पेपर. सगळे टॉपर सांगतात की रोज वर्तमानपत्र वाचा, त्यामुळे ते टाळणं सोपं नाही. पण त्यावरही उपाय निघालाय. युट्यूबवर एक गृहस्थ रोज सकाळी अग्रलेख उघडून ओळ न् ओळ मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक ओळीखाली पिवळी रेघ मारतात. जो लेख वाचायला तुम्हाला दहा मिनिटं लागली असती, तो ते तासाभरात वाचून दाखवतात. तुम्ही तो दीडपट वेगाने बघायचा, म्हणजे वीस मिनिटं वाचली. घरात बाबांचा मराठी पेपर येतच असतो, त्याच्याकडे चुकूनही वळू नका. निवडणूक रोखे, राज्यपालांचे अधिकार, आरक्षणाची मर्यादा यांवर त्यातही लिहून येतं, पण ते मराठीत असल्यामुळे समजून जाण्याचा धोका असतो.

आता मुख्य विषय, कायदा. इथे परीक्षा घेणारे स्वतःच स्वच्छ लिहून ठेवतात की कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही, नियम उताऱ्यात दिलेला असेल, तो फक्त समोरच्या घटनेला लावून दाखवा. यावर विश्वास ठेवू नका. अहो, कायद्याची परीक्षा आणि कायदा लागत नाही? तालुक्याला वकिली करणारे तुमचे काका आहेत ना, त्यांच्या कपाटातून जुनी दंडसंहिता आणा आणि कलमं पाठ करायला घ्या. ३०२ म्हणजे खून, ४२० म्हणजे फसवणूक. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्याय संहिता आली, खून १०३ वर गेला आणि चारसोबीसची फसवणूक ३१८ मध्ये जाऊन बसली, हे काका सांगतीलच. नाही सांगितलं तर त्यांनाही अजून सवय झालेली नाही असं समजा. पाठांतर मात्र सोडू नका. परीक्षेत विचारणार नाहीत, पण लग्नात कुणी गाडी आडवी लावली तर उपयोगी पडेल.

पाठांतरापेक्षाही मोठं हत्यार म्हणजे तुमची न्यायबुद्धी. ती उताऱ्याच्या वर ठेवायची. कशी, ते एका खऱ्या खटल्यावरून सांगतो, कारण कायद्याच्या प्रत्येक क्लासमध्ये तो सांगतात. १९१३ सालची गोष्ट. कानपूरच्या एका शेठजींचा पुतण्या घरातून पळाला. शेठजींनी आपल्या मुनिमाला शोधायला हरिद्वारच्या बाजूला पाठवलं. मुनीम तिकडे वणवण करत असताना इकडे शेठजींनी पत्रकं वाटली: पोरगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये. मुनिमाला याचा पत्ताच नाही. त्याने पोरगा शोधला, घरी आणला. मागाहून त्याला बक्षिसाचं कळलं, पैसे मिळाले नाहीत, म्हणून तो कोर्टात गेला. अलाहाबाद हायकोर्टाने सांगितलं, नाही मिळणार. जो प्रस्ताव तुम्हाला माहीतच नव्हता तो तुम्ही स्वीकारला कसा? आणि स्वीकार नाही तर करार कुठला?

उताऱ्यात नेमका हाच नियम दिलेला असेल: प्रस्तावाची माहिती नसताना केलेलं काम म्हणजे स्वीकार नव्हे. खाली पर्याय असतील. मुनिमाला पैसे मिळावेत कारण त्याने कष्ट केले. मिळावेत कारण शेठजी श्रीमंत आहेत. मिळू नयेत कारण त्याला प्रस्ताव माहीत नव्हता. मिळू नयेत कारण तो शेठजींचा नोकर होता. तुम्ही काय कराल? वाचणारा पोरगा तिसऱ्यावर खूण करून पुढे जाईल. तुम्ही थांबा. ‘बिचाऱ्याने रेल्वेतून धक्के खाल्ले,’ ‘आमच्याकडे गड्याला दिवाळीला पोस्त तरी देतात,’ ‘या शेठ लोकांचं असंच असतं’ असा सगळ्या बाजूंनी विचार करा. मग पहिल्या पर्यायावर खूण करा. उत्तर चुकल्यावर ग्रुपवर लिहा की पेपर काढणाऱ्यांना माणुसकी नाही. चौथ्या पर्यायाचा मोहही पडेल, कारण कोर्टाने नोकरीच्या कर्तव्याचाही विचार केला होता हे तुम्हाला क्लासच्या नोट्समधून कळलेलं असतं. उताऱ्यात ते नाही, पण तुम्हाला येतं ना? मग दाखवा.

गणिताबद्दल फार बोलायला नको. गणितापासून सुटका म्हणून तुम्ही इकडे आलात, आणि इथे दहावीपर्यंतची शेकडेवारी आणि गुणोत्तरं वाट बघत बसलेली. दहा ते चौदा प्रश्न. सोडून द्या. एकेका मार्कात शेकडो पोरं उभी असतात, पण ती दुसऱ्यांची पोरं.

मॉक टेस्टचं मात्र मनावर घ्या. टेस्ट सिरीज एक घेऊन भागत नाही, तीन घ्या. मॉक द्यायची, गुण बघायचे, चांगले असतील तर स्क्रीनशॉट स्टेटसला, वाईट असतील तर ‘या सिरीजची लेव्हल रिअल पेपरसारखी नाही’ असं म्हणून पुढची मॉक. चुकलेले प्रश्न उघडून आपण कुठे अडखळलो ते बघायला तीन तास जातात. तेवढ्या वेळात आणखी एक मॉक बसते.

मराठी माध्यमातून आला असाल तर तुमच्यासाठी वेगळी सूचना काही नाही. क्लॅट इंग्रजीतच होते. इतर भारतीय भाषांतही व्हावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात याचिका झाली, पेपर अजून इंग्रजीतच येतो. गंमत अशी की महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. म्हणजे ज्या कोर्टात सातबारा, फेरफार, कैफियत, साक्ष सगळं मराठीत चालणार, तिथे उभं राहण्याचं शिक्षण नामांकित ठिकाणी घ्यायचं, तर आधी दोन तासांत दहा हजार इंग्रजी शब्द. ही गोष्ट मी उपरोधाने सांगत नाहीये, त्यामुळे इथे हसलात तरी चालेल.

अर्थात राज्याची सीईटी आहे. ती मराठीतूनही देता येते. १८५५ सालचं चर्चगेटचं सरकारी लॉ कॉलेज, जिथे १९३५ मध्ये बाबासाहेब प्राचार्य झाले, किंवा पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरचं शंभरी गाठलेलं आयएलएस लॉ कॉलेज हवं असेल, तर वाट तीच. सरकारी कॉलेजची वर्षाची फी काही हजारांत भागते, राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ती लाखांत मोजतात. पण ज्याची फी कमी ते शेजाऱ्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न उरतोच, म्हणून सीईटीचा फॉर्म भरा आणि तयारी करू नका. तिथे निगेटिव्ह मार्किंगही नाही. तरीही काही प्रश्न कोरे सोडून या. तत्त्वाला जागल्यासारखं वाटतं.

क्लासचं काय, असं विचाराल. घालाच. कायद्याचा क्लास ही पुण्याची जुनी रीत आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर पोटापाण्यासाठी लोकमान्यांनीही लॉ क्लास चालवला होता. फरक इतकाच, की त्यांच्या क्लासला बसणाऱ्याने कायदा वाचणं अपेक्षित होतं. हल्ली तेवढी सक्ती नसते. फी भरली की घरचे निर्धास्त, तुम्ही निर्धास्त, आणि क्लासच्या बाहेर चहाच्या टपरीवर ‘यंदा कटऑफ कितीला क्लोज होणार’ या विषयावर सर्वोच्च न्यायालयालाही जमणार नाही इतकी ठाम मतं ऐकायला मिळतात. काका तिथे आले तर ‘पहिली पाच वर्षं चहाचे पैसेपण सुटत नाहीत’ असं सांगतील, म्हणून त्यांना नेऊ नका.

परीक्षा डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी दुपारी दोन ते चार असते. म्हणजे नेमकी वामकुक्षीची वेळ. जेवण सोडू नका, आईने शुभशकुनाचं दही-साखर वरून दिलं तर तेही घ्या. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळे विसरतात. त्या पाच मिनिटांत उरलेल्या पंचवीस प्रश्नांना एकच अक्षर भरून टाका. लांबचे उतारे आपल्याच्याने वाचून होत नाहीत हे तुम्हाला एव्हाना कळलेलं असेल, पण ते पेपर लांबलचक असल्यामुळे झालं, असं बाहेर येऊन सांगायचं. सगळेच तसं सांगत असतात, म्हणून कुणी अडवत नाही.

निकाल मनासारखा लागला नाही तर खचू नका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात, पण ही परीक्षा त्या पायरीवरच जन्मली. प्रत्येक विद्यापीठाची वेगळी परीक्षा नको म्हणून सुप्रीम कोर्टात जनहित याचिका झाली आणि त्यातून २००८ मध्ये पहिली क्लॅट निघाली. पुढे २०२० च्या सप्टेंबरात बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने करोनामुळे उशीर होतोय म्हणून स्वतःची वेगळी ऑनलाइन परीक्षा घेतली, पाऊण तासाची, घरबसल्या. बारा तारखेला परीक्षा झाली, एकवीस तारखेला सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. देशातल्या पहिल्या नंबरच्या कायदा शिकवणाऱ्यांना कायदा शिकवला गेला तो असा.

तेव्हा तुम्हीही हरकत घ्या. उत्तरसूची आली की एका हरकतीला हजार रुपये भरून दोन-चार प्रश्नांवर बोट ठेवा. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेत एका परीक्षार्थीने हेच केलं, परीक्षा घेणाऱ्यांनी ऐकलं नाही म्हणून तो दिल्ली हायकोर्टात गेला, आणि दोन प्रश्नांची उत्तरं चुकीची धरली गेल्याचं न्यायालयाने मान्य केलं. मग अपिलं, देशभरातल्या याचिका दिल्लीला एकत्र, एप्रिल २०२५ मध्ये खंडपीठाचा निकाल, मे महिन्यात सुप्रीम कोर्टाचा. प्रश्न किती बेफिकिरीने काढले जातात, याबद्दल सुप्रीम कोर्टाने खेदही व्यक्त केला. पोरं तोवर प्रवेशाची वाट बघत बसली होती. वकिलीत तारखा पडतात, हे त्यांना प्रवेशाआधीच शिकायला मिळालं, तेही फी न भरता.

खंडपीठाचा तो निकाल उतरवून घ्या. त्यात एकेक प्रश्न घेतलाय, उताऱ्यात काय म्हटलंय, पर्यायात काय म्हटलंय, अमुक उत्तर का बसतं आणि तमुक का बसत नाही, सगळं शांतपणे, क्रमाने. त्यातला एखादा मार्क तुमचा असेल तर तुम्ही तो सारांशाच्या व्हिडिओवर भागवणार नाही. रात्री दोनपर्यंत जागाल, मागचं पान पुन्हा उघडाल, एका स्वल्पविरामावर अडाल. फक्त वाचून झाल्यावर ग्रुपवर टाकू नका. तिथे लगेच कुणीतरी लिहील, ‘भावा, शॉर्टमध्ये सांग ना.’